उंबऱ्याची माती आणि गाळलेला परिच्छेद

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या टपालात डॉ. मालती केळशीकर यांच्यावर अन्याय झाला. ठिकाण: मुळशीच्या तळ्याकाठचा दोन खोल्यांचा बाळंतपणाचा दवाखाना. अन्याय करणारे दोघे: शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातले एक प्राध्यापक आणि डॉक्टरांच्या एका इंग्रजी मासिकाचे संपादक. त्यांची नावं मी इथे देत नाही. ती पुरेशा ठिकाणी छापून झाली आहेत.

मालतीबाई, तुम्ही असता तर हे शेवटचं वाक्य खोडलं असतंत. हा टोमणा आहे, पुरावा नाही, म्हणाला असता. मी ते ठेवते आहे. आता खोडायला कुणी नाही.

तुमच्या जाण्याची बातमी दोन वर्तमानपत्रांत आली. एकाने तुम्हाला सेवाभावी म्हटलं, दुसऱ्याने ग्रामीण भगिनींची माउली. दोन्ही कात्रणं मी फाडली. माउली म्हटलं की पुढचं काही विचारायचं कारण उरत नाही. तुम्ही डॉक्टर होता आणि संशोधन करत होता, ही ओळ कुणाला सुचली नाही. संशोधन करणारी बाई पौडच्याही पुढे, जिथे एस्टी पावसात येईनाशी होते तिथे राहते, हे त्यांच्या डोक्यातच शिरत नसावं.

आपली ओळख भांडणातून झाली. मी रस्त्याच्या मागणीचं पत्रक घेऊन दवाखान्यात आले होते. तुम्ही ते उभ्याउभ्या वाचलंत, खुर्ची दिली नाहीत, आणि म्हणालात, "यात 'निर्दय सरकार' तीनदा आहे आणि एकाही बाईचं नाव नाही. कोण मेलं, कधी मेलं, ते आधी लिही. निर्दय कोण ते लोक ठरवतील." मी चिडून निघाले तर मागून हाक मारून गुळाचा काळा चहा पाजलात. तेव्हापासून मी तुमची 'पत्रकवाली'. दवाखान्यातल्या बायकाही तेच म्हणायला लागल्या. आज या लेखाची सुरुवात मी तुम्ही शिकवली तशीच केली आहे. कोणावर, कधी. आयुष्यात जे थोडं नीट लिहायला शिकले ते तुमच्या त्या तांबड्या पेन्सिलीमुळे, आणि याबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद दिले नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

ज्यांना हे सगळं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मूल जन्मल्यावर त्याला आत पोसणारी वार बाहेर पडावी लागते. ती आत अडकून राहिली तर रक्त थांबत नाही, आणि बाई जाते. आमच्या डोंगरपट्ट्यात रीत अशी की वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही आणि बाळंतिणीने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर सटवाई मागे लागते. म्हणून वाट पाहायची. तिची वेणी तिच्याच तोंडात कोंबायची, उमासा आला की वार सुटेल म्हणून. एवढं करून नाहीच सुटली तर मग झोळी बांधायची आणि तुमच्याकडे निघायचं. तोवर झोळीत जे असायचं त्याला बाई म्हणायचं का, असं तुम्ही एकदा खिडकीकडे तोंड करून म्हणाला होता.

ताम्हिणीच्या वाटेवरच्या धनगरवाड्यावर सखू अडली तेव्हा निरोप वेळेत आला आणि तुम्ही स्वतः चढून गेलात. मी बॅग घेऊन बरोबर होते. मूल रडत होतं, वार आत होती, रक्त चालू होतं. तिथे अंधारात, शेणाच्या जमिनीवर हात घालणं तुम्हाला नको होतं, खाली दवाखान्यात न्यायचं होतं. सखूची सासू चिमाबाई दारात आडवी उभी राहिली.

"वार पडल्याबिगर बाळंतीन उंबरा वलांडत न्हाई, बाई. तुमी लई शिकल्याल्या असाल. हितलं हितं चालतं."

तुम्ही समजावलंत, मग रागावलात. शेवटी वैतागून म्हणालात, "मग तो उंबराच घ्या बरोबर, आणि चला."

तुम्ही बोललात ते नुसत्या संतापाने. चिमाबाई मात्र विचारात पडली. तिने नवऱ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग खाली वाकून विळ्याने उंबऱ्याची माती खरवडली, मूठभर, आणि सखूच्या लुगड्याच्या पदराला गाठ मारली.

"घेतला," ती म्हणाली. "आता उचला रं."

खाली दवाखान्यात तुम्ही वार काढलीत. सखू जगली. परत जाताना चिमाबाईने ती माती पुन्हा उंबऱ्याला लिंपली, आणि पुढच्या बाजाराला ही गोष्ट सगळ्या धनगरवाड्यांवर पोचली होती. मग झोळ्या लवकर यायला लागल्या. मराठ्यांच्या वाड्यांतूनही यायला लागल्या. प्रत्येकीच्या पदराला गाठ असायची. तुम्ही आधी गाठ चाचपायचात आणि मग नाडी. एकदा मी हसले तर म्हणालात, हसू नकोस, माझ्या इंजेक्शनपेक्षा या मातीने जास्त जणी वाचवल्यात. मातीने रक्त थांबत नाही, पण माती पाय उचलते.

हेच तुम्ही लिहिलंत. बाई वार अडकून मरते ती बहुतेक वेळा घरातल्या थांबण्यामुळे मरते. थांबण्याला कारण आहे. त्या कारणाशी भांडण न करता त्यातून वाट निघाली, आणि ती अशी निघाली. इंग्रजीत, टाइप करून, प्रत्येक बाईची हकीकत देऊन. मी तोवर त्याच गोष्टीचं पत्रक लिहून तयार केलं होतं. मोठ्या टाइपात एकच पान. पौडचा बाजार, मुठ्याकडचा बाजार, डोंगरापलीकडच्या खोऱ्यातले बाजार, सगळीकडे वाटायचं ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, थांब.

का थांबायचं, तर ते मासिक आधी कुठे छापलेलं घेत नाही. मी विचारलं, तुमच्या मासिकाचा पौडच्या बाजारात कोण वाचक आहे. तुम्ही म्हणालात, बाजारासाठी नाही, मंत्रालयासाठी. मला इथे रक्ताच्या बाटल्या ठेवायच्यात, पावसातही चालेल अशी जीप हवी आहे. मी मागायला जाते तेव्हा ते विचारतात, हे कुठे छापून आलंय का. तुझं पत्रक दाखवलं तर हसतील.

तेही खरं होतं. म्हणून मी पत्रकं बांधून ठेवली. सबंध पावसाळा ती आमच्या माळ्यावर होती.

त्याच पावसाळ्यात माझी वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, त्याला आमच्या घरात कोण नाही म्हणणार. तिचं माहेर डोंगरापलीकडे, जिथे चिमाबाईची गोष्ट पोचली नव्हती. मूल झालं, वार अडकली. कुसुमवहिनीला सगळं माहीत होतं, ती आमच्या खोऱ्यात दोन वर्षं नांदलेली. ती आईला सांगत राहिली की उंबऱ्याची माती बांधा आणि मला न्या. तिच्या आईला वाटलं पोरीला वात झाला, बरळतेय. त्यांनी तिचे हातपाय धरून ठेवले आणि वेणी तोंडात घातली. हे मला तिच्या आईनेच सांगितलं, रडत नव्हती, नुसती सांगत होती. "माती माती करत व्हती गं," म्हणाली. "आमाला काय ठाव."

मी तिथून निघाले ती तडक तुमच्याकडे आले. भरल्या दवाखान्यात म्हणाले, तुमच्या मासिकाची वाट बघत माझी वहिनी मेली. तुम्ही हात धूत होता. धूत राहिलात. बाई, मी तो शब्द मागे घेत नाही. तुम्ही गेलात म्हणूनही घेत नाही. तुम्ही मला तेव्हा उत्तर दिलं नाहीत, आणि आता देणार नाही, आणि ते उत्तर काय असतं हे मी रोज नव्याने बनवते आणि रोज ते मला पटत नाही.

आणि मग तो सोमवार. मी तुमच्याशी बोलत नव्हते, पण आले होते, कारण अंक येणार हे साऱ्या गावाला माहीत होतं. तुम्ही इस्त्रीची साडी नेसला होता. इस्त्रीची साडी मी तुमच्या अंगावर त्याआधी पाहिली नव्हती. पौडहून पेढे आणून ठेवले होते. पाकीट तुम्ही सुरीने नीट कापलंत. पान उघडलंत. लेखावर प्राध्यापकांचं नाव होतं, त्यांच्याखाली त्यांच्या दोन साहाय्यकांची, ज्यांनी मुळशीचं तळं चित्रातही पाहिलेलं नसेल. मोठ्या रुग्णालयातल्या कुणाच्या नावाशिवाय संपादक पाकीट फोडणार नाहीत, असं तुम्हीच त्या प्राध्यापकांना प्रांजळपणे लिहिलं होतं आणि दुसऱ्या क्रमांकावर त्यांचं नाव घालायला तयार झाला होता. तुमचं नाव लेखाच्या तळाशी निघालं, बारीक टाइपात: रुग्णांची माहिती पुरवल्याबद्दल आभार.

ते वाचून तुमचा चेहरा बदलला नाही. तुम्ही मागे पान उलटून काहीतरी शोधायला लागलात. दोनदा शोधलंत. मग म्हणालात, "माती काढली."

तो परिच्छेद नव्हता. चिमाबाई नव्हती, गाठ नव्हती, उंबरा नव्हता. शास्त्रीय मासिकात असल्या गोष्टींना जागा नाही, असं प्राध्यापकांनी नंतर कळवलं. उरलं ते एवढंच, की खेड्यातली बाई लवकर रुग्णालयात आणली तर वाचते. हे सांगायला लेख कशाला हवा होता. ती लवकर कशी येते, एवढंच तर नवीन होतं.

पेढे तुम्ही वाटलेत. आदल्या दिवशी एकीला मुलगा झाला होता, तिच्या नावाने. मी पेढा घेतला नाही.

मी त्याच आठवड्यात पत्रकं खाली काढली आणि वाटली. डोंगरापलीकडच्या पहिल्याच बाजारात आरोग्य खात्याचा एक अधिकारी आला आणि गठ्ठा उचलून म्हणाला, शिकलेली मुलगी असून अंधश्रद्धा पसरवता, लाज वाटत नाही? मी म्हटलं, डॉक्टरांनी सिद्ध केलेलं आहे. तो म्हणाला, कुठल्या डॉक्टरांनी. त्याच्याकडे तो अंक होता, बाई. त्याने पिशवीतून काढून मला दाखवला. "या विषयावरचा हा लेख आहे. यात मातीबिती कुठे आहे, दाखवा." मी त्याला काय दाखवणार. लोक बघत होते. एक म्हातारी म्हणाली, सायब खरं सांगतोय, छापल्यालं हाय त्येच्याकडं. पुढच्या बाजारात कुणी पत्रक हातात धरेना.

म्हणजे पत्रकावाचून तुमचा लेख वांझ आणि लेखावाचून माझं पत्रक खोटं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. मी आले असते, हे बोलले असते, तर कदाचित आपलं भांडण तिथे मिटलं असतं. कदाचित तुम्ही म्हणाला असता, हे तुला आता कळलं.

आपण पुन्हा बोलायला लागलो ते तुम्ही दुरुस्तीचा लेख लिहायला घेतलात तेव्हा. एकच पान. गाळलेला परिच्छेद आणि तो गाळल्याने काय बिघडलं. तो परत आला. संपादकांनी सौजन्याने लिहिलं होतं की सध्या कुटुंबनियोजनावरचे लेख फार येत आहेत, जागा त्यांनाच पुरत नाही. तुमच्या भागात लूप बसवलेल्या स्त्रियांची निरीक्षणं असल्यास अवश्य पाठवा. तुम्ही मोठ्याने हसलात. म्हणालात, बाळंतपण जुनं झालं गं, आता बाळ न होण्याची फॅशन आहे. दहा वर्षांपूर्वी सगळे पोट फाडून मूल काढण्यावर लिहीत होते, आता लूपवर लिहितील, ज्याला पैसा मिळेल त्यावर लिहितील. रक्त जाऊन मरणं कधी कुणाच्या फॅशनमध्ये येणार, बघू.

आणि जीप आली. पावसातही चालणारी, हिरवी, तुम्ही मागितली होती तशीच. लूपच्या शिबिरासाठी. शिबिराला बायका नेऊन सोडायची आणि संध्याकाळी पौडला जाऊन उभी राहायची. अडलेल्या बाईसाठी मागितली तर ड्रायव्हर म्हणाला, त्याचा हुकूम न्हाई माज्याकडं. त्याचा काय दोष.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. गेल्या हिवाळ्यात मी पुण्यात वैद्यकीय ग्रंथालयात बसले. माझी एक मैत्रीण तिथे शिकते, तिने आत नेलं आणि इंग्रजी वाचून दाखवलं. कुणी कुणाच्या लेखाचा किती आधार घेतला याची परदेशात आता म्हणे सूचीच छापतात. आमच्याकडे ती नव्हती, म्हणून आम्ही एकेक अंक काढून शेवटच्या संदर्भांवर बोट फिरवत गेलो. तुमचा लेख सापडत होता. पुन्हा पुन्हा सापडत होता. मुंबईच्या लेखात, मद्रासच्या लेखात, एका परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात. प्रत्येक ठिकाणी प्राध्यापकांचं नाव. ते मी धरूनच चालले होते.

जे धरलं नव्हतं ते पुढे आलं. एकाने लिहिलं होतं, ग्रामीण स्त्रिया लवकर आल्या तर वाचतात, आणि खाली तुमचा लेख. दुसऱ्याने त्याच लेखाच्या आधारावर लिहिलं, पण त्या लवकर येत नाहीत. तिसऱ्याने दुसऱ्याचं वाचून लिहिलं, रूढींमुळे त्यांचं मन वळवणं अशक्य असल्याचं दिसून आलं आहे, आणि खाली पुन्हा तुमचाच लेख. तिसऱ्याने तो उघडून पाहिलेला नव्हता, हे उघड होतं. पण उघडून पाहिला असता तरी काय सापडलं असतं? परिच्छेद तिथे नव्हताच. त्या तिसऱ्या लेखाच्या शेवटी शिफारस होती की खेड्यांतली वाहनं आणि रक्त यांवर खर्च करण्याऐवजी शहरातले वॉर्ड वाढवावेत.

चिमाबाईने वाकून माती उचलली, ती तुम्ही लिहिलीत, आणि तुमच्याच लेखाने आता छापील पुरावा दिला की चिमाबाईसारख्यांना वळवता येत नाही. मैत्रीण वाचायची थांबली. मी तिला म्हटलं, वाच. मग आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो.

हे घेऊन मी तुमच्याकडे येणार होते. शिमग्यानंतर जाऊ म्हटलं, मग परीक्षा, मग पेरणी. खरं सांगायचं तर 'माती काढली' म्हणतानाचा तुमचा तो चेहरा मला दुसऱ्यांदा बघायचा नव्हता. आणि ज्येष्ठ संपता संपता तुमच्या छातीत कळ आली.

जीप पौडला होती. निरोप गेला, हुकूम नव्हता. वाडीवरच्या माणसांनी झोळी बांधली, तीच, बाळंतिणींची. मी पोचले तेव्हा तुम्हाला उचलत होते. चिमाबाई आली होती, आता खूप वाकलीय, सखूच्या हाताला धरून. तिने विळा काढला आणि दवाखान्याच्या उंबऱ्याशी बसली. उंबरा सिमेंटचा. ती खरवडत राहिली, विळा नुसता वाजत होता. कुणीतरी म्हणालं, आजी, राहू दे. तिने ऐकलं नाही. शेवटी पायरीखालची ओली माती घेतली आणि तुमच्या पदराला बांधली. "येतील माघारी," म्हणाली.

तुम्ही शुद्धीवर होता. हात हलवून ती गाठ चाचपलीत, मी पाहिलं. पौडच्या अलीकडेच गेलात.

गाठ मी सोडली नाही. तुमच्या बहिणीने विचारलं, हे काय आहे, मी सांगितलं, असू द्या. तुमच्याबरोबरच गेली ती.

दवाखान्याला कुलूप आहे. नवीन डॉक्टर यायला तयार नाही. गेल्या आठवड्यात पलीकडच्या खोऱ्यात अजून एक गेली, वार अडकून, घरातच. मला वाटायचं तुमच्यानंतर मी जोराने भांडेन. बाई, अंगात भांडण राहिलेलं नाही. पत्रकाला घाबरणारं कुणी नाही आणि मासिकाला पोचणारी मी नाही. तुमच्या आणि माझ्या भांडणात दोघींचंही खरं होतं, आणि दोघीही हरलो, आणि कुसुमवहिनी दोन्ही बाजूंच्या मधे पडून राहिली आहे.

एकच काम सुचलं. ते मला करता येत नाही, म्हणून वाचणाऱ्यांना सांगते.

तुमच्यात जे डॉक्टर आहेत, जे डॉक्टरांचे विद्यार्थी आहेत, जे ग्रंथालयं सांभाळतात, त्यांच्या कपाटात तो अंक आहे. कोणता ते तुम्हाला कळलं आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याचा आधार घेतलाय. हळहळ नको, श्रद्धांजली नको, माउली तर मुळीच नको. तो अंक आज खाली काढा. पेन घ्या. पहिल्या नावाच्या वर लिहा: मालती केळशीकर, मुळशी. मग मधल्या पानाच्या समासात लिहा: घरच्यांनी उंबऱ्याची माती तिच्या पदराला बांधली आणि वार पडण्याची वाट न बघता तिला उचललं, ती जगली. आणि यापुढे या लेखाचा आधार घ्याल तेव्हा समासातलं हे वाक्य सोडून घेऊ नका.

अंक बंद करण्याआधी लिहा.